जखमी हरणाचा माग

समजा, तुम्ही भल्या पहाटे कपाशीला पाणी द्यायला निघाला आहात. रस्त्यावरून एक मोटार भरधाव जाते, धप्पदिशी आवाज होतो, आणि एक हरीण लंगडत, उड्या टाकीत तुमच्या समोरून बांध ओलांडते व तुरीत शिरते. अशा वेळी तुम्ही काय कराल? बहुतेक लोक त्याच्यामागे धावतील. धावण्यामागे हेतू चांगला असतो. पण त्या हरणाच्या दृष्टीने याहून वाईट गोष्ट दुसरी नाही. असे का, आणि धावायचे नाही तर करायचे काय, एवढेच आज तुम्हांला सांगायचे आहे.

हे शहाणपण मला पुस्तकातून मिळाले नाही. काही वर्षांपूर्वी फुलंब्रीजवळ असाच प्रसंग आला. आम्ही सातआठ जण होतो. त्यांत कॉलेजात शिकवणारा, चार बुके वाचलेला असा मी एकटाच. तरी सर्वांत पुढे मीच धावत होतो. काळविटाची मादी होती. नांगरलेल्या रानातून, ढेकळांतून आम्ही तिला अर्धा तास पळवले. दोघे मोटारसायकलवरून आडवे गेले. शेवटी नाल्याच्या काठाशी ती सापडली. पाहतो तो जखम अगदी किरकोळ. मागच्या मांडीला खरचटलेले, हाड शाबूत. आम्हांला केवढा आनंद झाला! कोणी पाणी पाजू लागले, कोणी कुरवाळू लागले, बघता बघता गाव गोळा झाला. तासाभरात तिने मान टाकली.

त्या गर्दीत एक आबा उभे होते. वय ऐंशीच्या पुढे. लहानपणी शिकारी मंडळींबरोबर रान हाकायला जाणारी ही पिढी. ते मला म्हणाले, "मास्तर, ते गाडीनं नाही मेलं. तुमच्या पळवण्यानं मेलं."

मी विचारले, "मग करायला काय पाहिजे होतं, आबा?"

"बसू द्यायचं त्याला. जखमी जनावर मागं लागलं कोणी तर मरेस्तोवर पळतंय. सोडून दिलं की जवळच कुठंतरी बसतंय. मग सावकाश माग काढायचा."

पाठलाग आणि माग. आपण हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरतो, पण त्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पाठलाग करणाऱ्याची नजर जनावरावर असते आणि जनावराची त्याच्यावर. माग काढणाऱ्याची नजर जमिनीवर असते. आपल्यामागे कोणी आहे याचा जनावराला पत्ताही नसतो. आजच्या साऱ्या सांगण्याचे सार या एका फरकात आहे.

आता असे पाहा. हरणाची घडणच मुळी पळून जीव वाचवण्याची. भीती वाटताच त्याच्या शरीरातील सारी शक्ती पायांकडे धाव घेते. लांडग्यापासून सुटायला अशी थोडा वेळची धाव पुरते. पण धाव लांबली, वर माणसांनी धरून दाबून ठेवले, म्हणजे त्याच्या स्नायूंत आम्ल साचते, अंगाचा ताप वाढतो आणि स्नायूंचे धागेच तुटू लागतात. त्यांतून निघालेला द्रव रक्तावाटे मूत्रपिंडात जाऊन ती बंद पाडतो. हृदय हाही स्नायूच. तोही सुटत नाही. कधी जनावर तासाभरात मरते, तर कधी बरे होऊन गेले असे वाटते आणि दोनचार दिवसांनी कोठेतरी मरून पडते. पशुवैद्यांना हा प्रकार चांगला ठाऊक आहे. जखमेवर औषध असते. या दमछाकीवर खात्रीचे औषध नाही. ती होऊ न देणे हाच उपाय.

मौज अशी की, हे शास्त्र ठाऊक नसतानाही जुन्या शिकाऱ्यांना त्यातले मर्म कळले होते. गोळी लागून जनावर निघून गेले तर चांगला शिकारी जागचा हलत नसे. ते कोठे उभे होते आणि कोठे दिसेनासे झाले, या दोन खुणा तो मनात पक्क्या करी. मग जाऊन रक्त पाही. फेसाळ, तांबडे लाल रक्त असले तर गोळी फुप्फुसात. जनावर जवळच पडलेले असणार. गडद, काळसर रक्त म्हणजे बहुधा काळीज. रक्तात हिरवट घाण, चावलेला चारा दिसला तर गोळी पोटात. अशा वेळी कित्येक तास थांबायचे, कारण लगेच मागे गेले तर ते उठून कोसभर जाते आणि तडफडून मरते. जर्मनीत तर जखमी हरणाच्या वासावर सावकाश, दोरीला बांधून नेण्याची कुत्री पिढ्यानपिढ्या मुद्दाम तयार केली आहेत. मारलेले जनावर शोधल्यावाचून घरी परतणे हा शिकाऱ्याला कमीपणा वाटे. जखम तुझी, तर शोधायची जबाबदारीही तुझी, असा तो नियम होता.

हा नियम आपल्याकडेही फार जुना आहे. फुलंब्रीवरून जाणारा रस्ता सिल्लोडमार्गे अजिंठ्याला जातो. तेथील दहाव्या आणि सतराव्या लेण्यांत श्याम जातकाची चित्रे आहेत. आपल्या श्रावणबाळाच्या कथेची ती बहीणच म्हणा ना. आंधळ्या आईबापांसाठी नदीवर पाणी भरायला आलेल्या श्यामला, हरणांच्या शिकारीला निघालेल्या राजाचा बाण लागतो. राजा निघून जात नाही. तो जखमीपाशी येतो, त्याचे ऐकतो आणि पाण्याचा घडा उचलून स्वतः त्याच्या आईबापांकडे जातो. बाण सोडणे क्षणाचे काम. त्या बाणामागून जखमीपर्यंत चालत जाणे हे खरे कठीण.

आज आपल्या हातांत बंदूक नाही, आणि ती नसावी हेच योग्य. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवाना काढून शौकाची शिकार करण्याची उरलीसुरली वाटही बंद झाली. काळवीट आणि चिंकारा हे दोन्ही प्राणी या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांची शिकार केल्यास किमान तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षांची कैद, शिवाय दंड. रोह्यांनी व हरणांनी पीक खाल्ले तर शेतकऱ्याचा जीव जळतो हे मला ठाऊक आहे. त्यासाठी वनखात्याकडे भरपाईचा अर्ज करण्याची सोय आहे. आपल्या मनाने फास लावणे, कुंपणात वीज सोडणे हा गुन्हा तर आहेच, पण त्याच कुंपणाला शेजाऱ्याचे पोरही चिकटू शकते.

शिकार संपली, पण जखमी हरणे संपली नाहीत. मोटारीची धडक, गावकुत्र्यांचा हल्ला, काटेरी तार, कठडा नसलेली विहीर ही आजची शस्त्रे आहेत. म्हणून माग काढण्याची विद्या आजही हवी. पूर्वी ती शिकार मिळवण्यासाठी होती. आता ती जीव वाचवण्यासाठी वापरायची.

आता प्रत्यक्ष कृती सांगतो.

जनावर जखमी झालेले दिसले की प्रथम जागच्या जागी उभे राहा. शेवटी कोठे दिसले ते एखाद्या बाभळीच्या किंवा खांबाच्या खुणेने ध्यानात ठेवा. बरोबरच्यांना थांबवा, कुत्री असतील तर बांधून घाला. लगेच वनखात्याला कळवा. महाराष्ट्र वनविभागाचा १९२६ हा मदतीचा क्रमांक आहे. गावचा वनरक्षक ओळखीचा असेल तर त्यालाही सांगा. जागा सांगताना गाव, शिवार, गट आणि जवळचा रस्ता सांगा.

माणसे येईपर्यंत जनावर कोठे बसले आहे एवढेच शोधायचे, आणि तेही एकदोघांनीच. जेथे धडक बसली तेथून सुरुवात करा. हरणाचा खूर दुभंगलेला. शांतपणे चालताना दोन्ही फाका जुळलेल्या उमटतात, पळताना त्या फाकतात आणि टोके मातीत खोल रुततात. एक पाय दुखावला असेल तर तीन ठसे नीट आणि चौथ्याच्या जागी ओढल्याची रेघ दिसेल. रक्ताचा थेंब गोल पडला असेल तर जनावर तेथे उभे राहिले होते. लांबट असेल तर त्याचे निमुळते टोक ज्या दिशेला, त्या दिशेला ते गेले. कपाशीच्या पानाला किंवा गवताला रक्त किती उंचीवर लागले आहे यावरून जखम पायाला की अंगाला, हेही कळते.

मागाच्या बाजूने चाला, त्यावर पाय देऊ नका. खुणा बुजल्या तर परत फिरणे कठीण. एकाने शेवटच्या खुणेपाशी उभे राहावे, दुसऱ्याने पुढची शोधावी. खूण हरवली तर शेवटच्या खुणेभोवती लहान वेढा घ्या, मग थोडा मोठा. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात, सूर्याकडे तोंड करून पाहिले म्हणजे ठशातली सावली स्पष्ट दिसते. भर दुपारी तोच ठसा जणू पुसून जातो. कान उघडे ठेवा. टिटवी एकाच जागी ओरडत असेल, कावळे एखाद्या झाडावर जमून खाली पाहत असतील तर तिकडे लक्ष द्या. जखमी जनावर कळपातून फुटते आणि सावली, आडोसा, पुष्कळदा पाण्याची जागा धरते. नाल्याकाठची घाणेरीची जाळी, उसाचा किंवा मक्याचा फड दुरूनच न्याहाळा.

आपल्याकडे या विद्येत पारधी समाजाचा हात धरणारे थोडे. इंग्रजी अमदानीतल्या गुन्हेगार जमाती कायद्याने या लोकांवर डाग लावला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण आपल्या मनातला डाग अजून पुसला गेला नाही. असा कोणी जाणता माणूस तुमच्या शिवारात असेल तर त्याला मानाने बोलवा आणि त्याच्याकडून शिका.

हरीण सापडले, की लांबच थांबा आणि नजर ठेवा. ते बसलेले असेल तर बसू द्या. धरणे हे वनखात्याच्या माणसांचे आणि पशुवैद्याचे काम. मात्र ते रस्त्याच्या मधोमध पडले असेल किंवा तारेत अडकले असेल आणि हलवल्यावाचून गत्यंतर नसेल, तर अगोदर डोळ्यांवर कापड टाका. अंधार झाला की त्याची निम्मी भीती जाते. नराच्या शिंगांपासून जपा. कुशीवर पाडून ठेवू नका. रवंथ करणारे जनावर आडवे राहिले तर पोट फुगते. पाय पोटाखाली, मान वर, असे बसवा. तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जाते. चारू नका, कुरवाळू नका, फोटोसाठी गर्दी करू नका. माणसाचा हात आपल्याला मायेचा वाटतो. हरणाला तो लांडग्याचा जबडाच वाटतो. त्याची लाळ किंवा रक्त अंगाला लागले तर साबणाने धुवा. चावले किंवा ओरखडले तर दवाखान्यात जा. मेलेले हरीण सापडले तर तेही घरी न्यायचे नाही. कायद्याने ती सरकारी मालमत्ता आहे, ताबडतोब वनखात्याला किंवा पोलिसांना कळवायचे.

आणखी एक गोष्ट. गवतात एकटे पाडस दिसले म्हणून ते अनाथ समजू नका. आई पिलाला लपवून चरायला गेलेली असते. आपण उचलले की ते खरोखरच अनाथ होते.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवतो. शाळेच्या मागे हातभर लांब-रुंद जागा नीट सारवून त्यावर बारीक माती पसरा आणि संध्याकाळी थोडे पाणी शिंपडा. सकाळी मुलांना विचारा, रात्री येथून कोण गेले? मांजर गेले की मुंगूस, कुत्रे की कोल्हा, कोंबडी की टिटवी? कोण चालत गेले, कोण पळत, कोण थबकले? मुले वहीत ठसे काढतील, वाद घालतील, चुकतील आणि पुन्हा पाहतील. पाहणे, तर्क करणे आणि तो तर्क पुन्हा मातीवर पारखणे, हेच तर विज्ञान. याला ना प्रयोगशाळा लागते, ना खर्च.

त्या प्रसंगानंतर दोन वर्षांनी, पुन्हा पहाटेच, एक चिंकारा कुत्र्यांच्या तोंडून सुटून मक्यात शिरला. या वेळी आम्ही कुत्री हाकलली आणि बांधावर बसून राहिलो. हात शिवशिवत होते, पोरे चुळबुळ करीत होती, पण कोणी उठले नाही. वनखात्याची माणसे आल्यावर आबांच्या नातवाने त्यांना जमिनीवरच्या खुणा दाखवीत हळूहळू नेले. बांधाच्या सावलीत चिंकारा बसला होता. त्यांनी डोळ्यांवर कापड टाकले, जखम धुऊन शिवली, आणि काही दिवसांनी त्याला माळावर सोडले.

सोडताना मी तेथे होतो. तो थोडे अंतर पळाला, थांबला, मागे वळून पाहिले आणि गेला. त्याच्यामागून कोणीही धावले नाही.