एजंटच्या हाती पाककृतींचा खजिना देताना

घरात वांगी आहेत, बटाटे आहेत. रात्रीच्या जेवणाला काय करावे? हा प्रश्न आता संगणकालाही विचारला जातो. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारा साधा संवादक या प्रश्नाचे उत्तर आपल्या स्मरणातून देतो. 'एजंट' म्हणून ओळखली जाणारी प्रणाली मात्र बाहेरच्या एखाद्या साधनाला हाक मारून तेथील माहिती आणू शकते. पाककृती शोधून देणारी सेवा हे अशा साधनाचे सोपे उदाहरण. मात्र ते साधन एजंटला समजेल असे वर्णन लिहिणे तितकेसे सोपे नाही.

एजंटला साधनाचे अंतरंग दिसत नाही. साधनाचे नाव, ते काय करते याचे साध्या वाक्यांतील वर्णन आणि त्याला कोणती माहिती कोणत्या स्वरूपात पुरवायची याचा आराखडा, एवढेच प्रामुख्याने त्याच्यासमोर असते. अँथ्रॉपिक या कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल'मध्येही साधनाची ओळख याच तीन गोष्टींतून करून दिली जाते. माणसाला शंका आली तर तो सहकाऱ्याला विचारतो. एजंटला त्या क्षणी लिहिलेल्या मजकुराचाच आधार असतो आणि मजकुरात राहिलेली पोकळी तो अनेकदा अंदाजाने भरून काढतो.

'द मीलडीबी' या पाककृतींच्या इंग्रजी संग्रहाचे उदाहरण घेऊ. तेथे पदार्थाच्या नावाने शोध घेतला, तर साहित्य आणि कृती असा संपूर्ण तपशील मिळतो. एखाद्या घटकावरून शोध घेतल्यास मात्र पदार्थाचे नाव, छायाचित्र आणि क्रमांक एवढेच हाती येते. कृती हवी असेल तर तो क्रमांक देऊन दुसऱ्यांदा विचारणा करावी लागते. वर्णनात केवळ 'घटकावरून पाककृती शोधते' असे लिहिले, तर एजंट मिळालेल्या नावाला स्वतःच्या स्मरणातील कृती जोडून देण्याचा धोका असतो. वाचणाऱ्याला तो फरक कळत नाही. 'हे साधन कृती देत नाही. त्यासाठी मिळालेला क्रमांक दुसऱ्या साधनाला द्यावा', या एका वाक्याने तो धोका बराच कमी होतो.

रिकाम्या उत्तराचेही तसेच. काहीच सापडले नाही, तर हा संग्रह यादीच्या जागी रिक्त मूल्य पाठवतो. पदार्थ संग्रहात नाही, नावाचे स्पेलिंग चुकले की सेवाच बंद आहे, या तीन शक्यता वेगळ्या कशा ओळखायच्या हे वर्णनात हवे. 'न सापडल्यास तसे स्पष्ट सांगावे, पाककृती रचू नये', ही सूचनाही हवी.

शब्द आणि मापे यांकडे अधिक लक्ष द्यावे लागते. ब्रिटिश इंग्रजीत 'कोरिअँडर' म्हणजे कोथिंबीरही आणि धनेही. अमेरिकेत तो शब्द बहुधा धन्यांसाठी वापरतात आणि कोथिंबिरीला 'सिलँट्रो' म्हणतात. मराठीत विचारलेला प्रश्न इंग्रजी संग्रहापर्यंत नेताना घटकांची नावे कोणत्या रूपात द्यायची, हे लिहिलेले नसेल तर शोध भलतीकडे जाईल. मापांचे तर विचारायलाच नको. मोठा चमचा इतरत्र साधारण १५ मिलिलिटरचा, तर ऑस्ट्रेलियात २० मिलिलिटरचा. कमलाबाई ओगले यांच्या १९७० साली प्रसिद्ध झालेल्या 'रुचिरा'तील वाटी-चमच्याचे प्रमाण मराठी गृहिणींना अंगवळणी पडले, कारण ती वाटी त्यांच्या ओट्यावरच होती. एजंटसमोर ओटा नाही. म्हणून माप मूळ रूपातच सांगायचे की बदलून द्यायचे, आणि बदलायचे तर कोणत्या हिशेबाने, हे त्याला सांगावेच लागते.

सर्वांत गंभीर प्रश्न आरोग्याचा आहे. शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी असलेल्याने 'शेंगदाणे नसलेला पदार्थ' विचारला आणि साहित्याच्या यादीत तो शब्द नाही म्हणून एजंटने तो पदार्थ निर्धोक ठरवला, तर प्रसंग जिवावर बेतू शकतो. यादीत नुसते 'तेल' लिहिलेले असेल. ते कशाचे, हे कोणी सांगायचे? यादीत उल्लेख नसणे हा सुरक्षिततेचा पुरावा नव्हे, ही मर्यादा वर्णनात ठळकपणे नोंदवायला हवी. साधन काय करते याइतकेच ते काय करत नाही, हे सांगणे महत्त्वाचे.

अर्थात, वर्णन म्हणजे ग्रंथ नव्हे. हा मजकूर एजंटला प्रत्येक वेळी वाचावा लागतो; तो पाल्हाळिक झाला तर खर्च वाढतो आणि महत्त्वाची सूचना गर्दीत हरवते. यावर उपाय म्हणजे नेहमीचे दहा-बारा प्रश्न विचारून पाहावेत, एजंट कोठे अडखळतो ते टिपावे आणि नेमके तेथील वाक्य दुरुस्त करावे. साधन तेच राहूनही उत्तरे सुधारतात, असा अनुभव येतो. पाककृती लिहिणाराने 'चवीपुरते मीठ' म्हटले, तरी अनुभवी हाताला ते कळते. एजंटच्या बाबतीत ही मुभा घेता येत नाही, एवढे भान लिहिणाराने ठेवले तर पुष्कळ झाले.