पानाची ओल, हाताची पारख

परवा धाकट्या बहिणीचा मुलगा परदेशातून आला आणि त्याच्या सामानातून एक लाकडी पेटी निघाली. आत बारा सिगार. झाकणाला आतून घड्याळासारखी तबकडी. ती वेळ नव्हे, हवेतली आर्द्रता दाखवते म्हणे. काटा ६८ वर होता. "मावशी, सत्तरच्या आसपास असली की सिगार खूश," तो म्हणाला. बाहेर बेळगावचा जुलैमधला पाऊस कोसळत होता.

आई शेजारीच बसली होती. तिने एक सिगार उचलला, दोन बोटांत हलकेच दाबला, नाकाजवळ नेला आणि खाली ठेवला. भाच्याची बायको धारवाडची. तिने विचारलं, "अज्जी, हेंग ऐति?" आई म्हणाली, "हसि ऐति." म्हणजे ओलसर आहे, सर्दावलाय.

भाचा हसला. तबकडी ६८ म्हणते आणि आजी म्हणते सर्द! पण आईने निपाणीच्या वखारीत चौदा वर्षं तंबाखू चाळली आहे. तिच्या बोटांवर मी पैज लावायला तयार होते.

तंबाखूचं पान वाळलं तरी हवेशी त्याचं देणंघेणं थांबत नाही. दमट हवेत ते पाणी पितं, कोरड्या हवेत सोडतं. सिगार फार वाळला तर वरचं पान तडकतं, जळताना धूर तिखट आणि गरम लागतो. ओल फार झाली की नीट पेटत नाही आणि बुरशी धरतो. म्हणून सत्तर टक्के आर्द्रता आणि १८ ते २१ अंश तापमान हा तिकडचा सर्वसाधारण हिशेब. उष्मा वाढला की आणखी एक पाहुणा येतो, दोन-तीन मिलिमीटरचा तपकिरी किडा. थंडीत तो गप्प असतो, पंचविशीच्या पुढे त्याची अंडी भराभर फुटतात. आपल्या घरच्या हळकुंडांना, धण्याला भोकं पाडतो ना, बहुतेक वेळा तोच हा. मिरचीही सोडत नाही.

आमच्याकडे पेटीही नव्हती आणि तबकडीही. दोन एकरांत बिडीची तंबाखू. जानेवारी-फेब्रुवारीत काढणी, मग शेतातच उन्हात वाळवण. वाळलेलं पान दुपारी हाताळलं तर चुरा होतो. म्हणून अप्पा पहाटे तीनला उठवायचे. रात्रीच्या दवाने पान मऊ पडलेलं असायचं. सूर्य वर यायच्या आत ते गोळा करायचं. अप्पा एक पान मुठीत चुरगाळून सोडायचे. कुरकुरलं तर थांबायचं, गोळाच राहिला तर उन्हाची वाट बघायची, हळूहळू उलगडलं तर कामाला लागायचं.

ही ओल म्हणजे पैसाही होता. शंभर किलो तंबाखूत बारा टक्के पाणी असेल तर खरा माल ८८ किलो. तोच माल वीस टक्क्यांपर्यंत ओलावला की काट्यावर ११० किलो भरतो. व्यापाऱ्याला वाटे शेतकरी पाणी विकतोय, शेतकऱ्याला वाटे ओलीच्या नावाखाली वजन कापतात. एका वर्षी अप्पांचा माल 'ओला' म्हणून एवढा कापला की ते घरी येऊन कुणाशी बोलले नाहीत. माल ओला होता की नव्हता, हे मोजणारं कुणाकडेच काही नव्हतं. पारख दोघांच्या हाताला होती, पण शब्द एकाचाच चालायचा. १९८१ मध्ये निपाणीचे तंबाखू शेतकरी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली महामार्गावर बसले, ६ एप्रिलच्या पोलीस गोळीबारात शेतकरी मेले. भावाचं ते भांडण होतं. अप्पांसारख्यांच्या मनात मात्र भाव आणि वजन वेगळं नव्हतंच.

आणि बायकांचं काय? ओल्या हिरव्या पानांत हात घातला की दवात उतरलेलं निकोटिन कातडीतून अंगात जातं. मळमळ, गरगर, उलट्या. आम्ही त्याला 'तंबाखू लागली' म्हणायचो आणि ताक पिऊन पुन्हा सरीत उभ्या राहायचो. वखारीत उलटं. तिथे माल कोरडा हवा, बुरशी परवडत नाही. कोरडा माल कुटला, चाळला की धूळ उडते. आई नाकाला पदर बांधून दिवसभर त्यात. रात्री खोकला. म्हणजे पानाला जे मानवतं ते माणसाला कोरडंही सोसत नव्हतं, ओलंही. दीपा धनराज आणि त्यांच्या मैत्रिणींच्या 'युगांतर' गटाने १९८२ मध्ये याच निपाणीच्या तंबाखू कामगार बायकांवर माहितीपट केला. त्या आधीच संघटित होऊन उभ्या राहिल्या होत्या. आई मात्र संघटनेत उशिरा गेली. "आधी भीती होती गं," म्हणते.

तर त्या तबकडीकडे परत येते. ती खरं सांगते का हे तपासायची युक्ती भाच्यालाच ठाऊक होती. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ, थेंबभर पाणी घालून ओलसर करायचं, विरघळवायचं नाही. मग ते तबकडीसकट घट्ट पिशवीत रात्रभर. आतली हवा ७५ टक्क्यांवर येऊन थांबते, मिठाचा तो धर्मच आहे. (पावसाळ्यात बरणीतलं मीठ पाघळतं ना, तेव्हा स्वयंपाकघरात साधारण याच्या पुढे गेलेलं असतं. जाडं मीठ जरा आधीच पाघळतं.)

सकाळी पिशवी उघडली. काटा ६९ वर. म्हणजे तबकडी सहा अंक कमी दाखवत होती, आणि पेटीत खरे ७४ होते. बुरशीच्या अगदी उंबरठ्यावर.

भाचा ती पेटी घेऊन आईपुढे बसला. "आजी, मग किती दिवस उघडी ठेवू?" आईने पुन्हा एक सिगार दाबून पाहिला, पावसाकडे बघितलं आणि म्हणाली, "इथं उघडी ठेवून काय वाळणार? तांदूळ भाजून पुरचुंडीत बांध, ती ठेव आत. उद्या मला दाखव." मग मोरीत जाऊन तिने साबणाने हात धुतले, दोनदा.