आधी शब्द, मग पाऊल

भेदिक लावणी बसवायची तर पहिलं काम डफ शेकण्याचं. सोलापूरच्या उन्हाळ्यात तो घटकाभर उन्हात ठेवला तरी भागतं. पावसाळ्यात मात्र कातडं ओल धरतं, आवाज बसतो, मग कागद पेटवून त्यावर डफ फिरवत राहावं लागतं. शाहीर मधूनमधून बोटाने चाचपतो. कडेवर टिचकी मारली की कोरडा, तुटक आवाज यायला हवा आणि मध्यावर तळवा पडला की घुमणारा. या दोहोंतलं अंतर डोळे मिटूनही कळू लागलं की डफ लागला.

मी पाहिली ती तालीम सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या खडखडाटाला लागून असलेल्या एका खोलीत चालायची. म्हातारे शाहीर, घरी कानडी बोलणारा ढोलकीवाला, तुणतुण्यावर एकजण, दोघे झीलकरी आणि मोडनिंबच्या कला केंद्रात चाळ बांधणारी एक नर्तकी. एरवी भेदिक हे उभ्याने म्हणायचं कवन. त्यावर नाच बसवायचा, पण अर्थ सांडू द्यायचा नाही, असा शाहिरांचा हट्ट होता.

भेदिक म्हणजे अध्यात्मातलं कोडं घालणारी लावणी. एका फडाने सवाल टाकायचा, दुसऱ्याने जबाब द्यायचा. हे फड दोन पक्षांचे, कलगीवाले आणि तुरेवाले. परंपरा सांगते की तुकनगीर गोसावी आणि शाहअली फकीर यांच्या वादातून ही चढाओढ उभी राहिली. तुकनगिरांनी शिवाला मोठं म्हटलं, तो तुरा. शाहअलींनी शक्तीला, ती कलगी. एक गोसावी आणि एक फकीर समोरासमोर बसून ब्रह्म-मायेवर भांडतात, या आठवणीवर मराठी शाहिरीची अख्खी शाखा उभी आहे. आज रंगमंचावर ‘सूफी’ अशी पाटी लावून जे सादर होतं, त्याचं नातं इकडच्या मातीत शोधायचं तर ते मला इथे दिसतं.

ही जमीनही तशीच. एका बाजूला गुलबर्गा, जिथे बंदेनवाज गेसूदराज १४२२ मध्ये वारले आणि जिथली चिश्ती परंपरा समा, म्हणजे गाणं ऐकत ध्यानात जाणं, मानते. दुसऱ्या बाजूला विजापूर. तिथल्या सूफींच्या दखनी रचना जात्यावर आणि चरख्यावर बायकांच्या तोंडी होत्या. मराठीत श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ लिहिला. शहा मुंतोजी ब्रह्मणींनी वेदान्ताच्या संज्ञांशेजारी सूफींच्या संज्ञा मांडून दाखवल्या. त्यामुळे भेदिकात ‘पीर’ आणि ‘सद्गुरू’ एकाच चौकात, म्हणजे कडव्यात, आले तरी ऐकणाऱ्याला खटकत नाही.

तालमीतलं कवन नऊ दरवाजांच्या गावाचं होतं. गाव म्हणजे देह. दहावा दरवाजा कुठे आणि त्याची किल्ली कोणाकडे, हा सवाल. शाहिरांनी आधी सगळे चौक बिनचालीचे, नुसते बोलून दाखवले. कोण कुठे अडखळतं ते पाहिलं. मग ढोलकीवाल्याने केरवा धरला आणि नर्तकीने सवयीप्रमाणे प्रत्येक ओळीवर अदा केली, ओळ संपली की गिरकी. फडावर शिट्ट्या पडाव्यात असं ते काम होतं. शाहिरांनी हात वर केला.

“पोरी, शब्द खाली पडू दे की. मग पाय टाक.”

इथून खरी तालीम सुरू झाली. चौक चालू असताना तिने जागा सोडायची नाही. टाच किंचित उचलायची, चाळ ऐकू यावेत न यावेत इतकेच. ढोलकीवाल्यानेही डावा हात आवरला. ढोलकीची धूम म्हणजे डाव्या पुडीवर मनगट दाबून काढलेला घुमारा. तो ओळीवर आला की शाहिराच्या खर्जातले शब्द गिळून टाकतो. म्हणून ओळीपुरता फक्त उजव्या शाईचा कोरडा बोल. मिळवणीला, म्हणजे चौक ध्रुपदाला जोडणाऱ्या ओळीला, पोचलं की डावा हात मोकळा, लय दुगुन आणि नर्तकीचे पाय लयीसोबत सुटलेले.

सवालाच्या शेवटच्या शब्दावर मात्र डफ दाबायचा. तळवा मारायचा आणि कातड्यावरून उचलायचा नाही. नाद जागीच मरतो. चाळ थांबलेले, तुणतुण्याची तार तेवढी चालू. मग झीलकरी ‘जी जी’ची झील उचलतात. हा दाब थोडा आधी पडला तर सवाल तुटतो, उशिरा पडला तर कुणाच्या लक्षातच येत नाही. तेवढ्या एका जागेसाठी सकाळ गेली आणि ती जावी इतकी ती जागा मोलाची होती.

एकदा तिने विचारलं, “शाहीर, दहाव्या दरवाजाला हात कुठं दाखवू?”

“कुठंच नको. दाखवलंस तर उत्तर फुटलं. उत्तर समोरच्या फडाचं आहे.”

लावणीची नर्तकी आयुष्यभर शब्दाचा अर्थ बोटाने, भुवईने खुलवून दाखवायला शिकते. इथे तिला अर्थ झाकून नाचायचं होतं. ते तिला जमलं तेव्हा दहाव्या दरवाजाच्या ओळीला तिने फक्त नजर खाली नेली आणि खोलीतला एकही माणूस हलला नाही.

सोलापूरला हे परकं नाही. १८व्या शतकात पुराणिकांच्या घरातला राम जोशी इथेच तमाशाच्या नादाला लागला, भावाने घराबाहेर काढलं, पंढरपुरात संस्कृत शिकला आणि परत फडावरच आला. याच जिल्ह्यात बार्शीला १९१६ मध्ये जन्मलेल्या अमर शेखांनी डफ हाती घेऊन गिरणी कामगारांच्या सभा गाजवल्या. विषय वेगळे, पण शब्द ऐकू आलाच पाहिजे ही अट दोघांनीही सोडली नाही.

हल्ली सूफी रचनांवर नाच आणि ढोल-डफांचा मेळ घालणारे कार्यक्रम पुष्कळ होतात. त्यातले बरेचसे मला पटत नाहीत. पहिल्या ओळीपासून सगळी वाद्यं आणि सगळ्या गिरक्या एकदम सुटतात. कवी काय विचारत होता, हे प्रेक्षकाला घरी जातानाही ठाऊक नसतं. त्या मंडळींनी एखादी भेदिकाची तालीम बसून पाहावी.

त्या शाहिरांकडे सगळं कवन एका जुन्या बाडात आहे. पानं पिवळी पडलीत, कडा कुरतडल्यात, काही चौक फक्त त्यांच्याच तोंडी उरलेत. अशी बाडं सोलापूर, बार्शी, माढा, मंगळवेढा या भागांत कितीतरी घरांतल्या ट्रंकांत असणार. तुमच्या घरी आजोबांचं एखादं असेल तर ते रद्दीत घालू नका. पानन् पान मोबाइलने टिपून ठेवा आणि घरात ते कवन म्हणणारं कुणी असेल तर त्यांचा आवाज आजच ध्वनिमुद्रित करा.