दुकानाची पायरी आणि उधारीची वही

वस्तीच्या कोपऱ्यावरचे किराणा दुकान म्हणजे कष्टकरी कुटुंबाचे दुसरे स्वयंपाकघरच म्हटले पाहिजे. सकाळी चहापत्तीची पुडी, दुपारी पावशेर डाळ, संध्याकाळी मजुरी हातात आली की तेल-मीठ. ज्याचा पगार महिन्याचा, त्याचा बाजार महिन्याचा. ज्याची मजुरी रोजची, त्याचा बाजारही रोजचा. हे दुकान जवळ असते, रात्री उशिरा हाक मारली तरी उघडते, लहान लेकराला पाठवले तरी काय हवे ते समजून घेते आणि पैसे नसले तरी माल देते. हे सारे मान्य करूनही वाचकांना एक प्रश्न विचारावासा वाटतो. या दुकानात आपण गिऱ्हाईक म्हणून उभे राहतो की उपकाराखाली दबलेला माणूस म्हणून?

हंगामी कमाई, बारमाही पोट

धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यातील तेरखेडा हे सोलापूर–धुळे महामार्गालगतचे गाव फटाक्यांसाठी महाराष्ट्रभर ओळखले जाते. दिवाळी आणि लग्नसराई जवळ आली की या धंद्याला जोर येतो, एरवी हात सैल पडतात. आजूबाजूच्या शिवारात सोयाबीनची काढणी झाली की चार पैसे दिसतात. याच पट्ट्यातली अनेक कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर उचल घेऊन ऊसतोडीला कारखान्यांकडे जातात. म्हणजे कमाई येते हंगामात आणि पोट मात्र बारा महिने जेवायला मागते. मधली दरी कोण भरून काढतो? बँक पावशेर डाळीसाठी कर्ज देत नाही. ती दरी भरतो कोपऱ्यावरचा दुकानदार, आपल्या लाल वहीने.

म्हणून छोट्या दुकानाची गोष्ट ही मुळात उधारीची गोष्ट आहे. पण त्याआधी पायरीची गोष्ट सांगणे भाग आहे, कारण आपल्या समाजाला उधारीच्या आधी पायरी मिळवावी लागली.

पायरीचा इतिहास

आमची आजी सांगत असे, दुकानापासून चार हात लांब उभे राहायचे, पैसे खाली ठेवायचे आणि वरून टाकलेला माल पदरात झेलायचा. भाव विचारायची सोय नाही, वजन पाहायची तर मुळीच नाही. जो काट्यापर्यंत पोचूच शकत नाही, त्याने मापात मारले की नाही हे ओळखायचे कसे? अस्पृश्यतेत अपमान होताच, शिवाय रोजच्या बाजारातली लूटही होती.

दुकान हे हत्यारही होते. मुंबई सरकारने १९२८ साली अस्पृश्य व आदिवासींच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी स्टार्ट समिती नेमली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे सदस्य होते. हक्क मागणाऱ्या अस्पृश्यांवर गाव बहिष्कार टाकते, तेव्हा वाण्याकडून जीवनावश्यक माल मिळणेही बंद केले जाते, याची नोंद समितीच्या १९३० च्या अहवालात आहे. मीठ-मिरची बंद केली की माणूस चार दिवसांत वठणीवर येतो, हा गावगाड्याचा हिशेब होता.

हा अनुभव बाबासाहेबांनी संविधानापर्यंत नेला. अनुच्छेद १५ मध्ये धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून कोणालाही दुकानात प्रवेश नाकारता येणार नाही, असे स्पष्ट आहे. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या तरतुदीवर चर्चा झाली, तेव्हा ‘दुकान’ शब्दात डॉक्टर-वकील येतात का, असा प्रश्न निघाला. बाबासाहेबांनी उत्तर दिले की हा शब्द व्यापक अर्थाने घेतला आहे. जो कोणी लोकांना सेवा द्यायला बसला आहे, त्याची जागा म्हणजे दुकान. नुसते आत येऊ देणे पुरेसे नाही. सेवेच्या अटी मान्य असतील तर ती सेवाही मिळाली पाहिजे. पुढे १९५५ च्या कायद्याने, ज्याला आज नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, अस्पृश्यतेच्या कारणावरून माल विकायला नकार देणे हा गुन्हा ठरला. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा स्वतंत्र कायदा २०१७ पासून लागू आहे.

पायरी अशी मिळाली. आता पायरीवर उभे राहून आपण काय करतो, ते पाहू.

वही एकाचीच का?

मी कारकुनी करून पोट भरतो आणि बी.कॉम.ला हिशेबशास्त्र शिकलो. त्यातला पहिला धडा असा की प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात. देणाऱ्याच्या वहीत एक नोंद, घेणाऱ्याच्या वहीत दुसरी. दोन्ही जुळल्या तर हिशेब खरा. आपल्या वस्तीत मात्र व्यवहाराला दोन बाजू आणि वही एकच, तीही दुकानदाराची.

आमच्या वस्तीवरच्या एका बाईंचे दुकानदाराशी उधारीवरून भांडण झाले. त्यांच्या वहीत बाकी २,८६० रुपये, बाईंच्या तोंडी हिशेबाने २,२३०. फरक ६३० रुपयांचा, म्हणजे बाईंची दीड-दोन दिवसांची मजुरी. दोघांना समोरासमोर बसवून एकेक नोंद वाचली. ३४० रुपयांचा एकच माल दोनदा लिहिलेला निघाला, कारण एकदा दुकानदाराने लिहिले आणि एकदा त्याच्या मुलाने. बाईंनी दिलेले २०० रुपये जमा करायचे राहून गेले होते. पण बाईंच्या धाकट्याने ९० रुपयांचा माल आणला होता, तो त्यांनाच माहीत नव्हता. खरी बाकी निघाली २,३२०. दोघेही ओशाळले, दोघांनीही मान्य केले.

यात लबाडी कोणाचीच नव्हती. तरीही बाईंनी मुकाट्याने पैसे भरले असते तर ५४० रुपये बुडाले असते. आणि भांडून दुकान तोडले असते, तर पुढच्या पावसाळ्यात उधार कोण देणार होते?

दुसरी गोष्ट उधारीच्या भावाची. समजा, रोखीने १०० रुपयांना मिळणारी डाळ उधारीत १०५ ला लावली आणि पैसे महिन्याने दिले. पाच रुपये किरकोळ वाटतात. पण हे दरमहा शेकडा ५, म्हणजे वर्षाला ६० टक्के व्याज झाले! दुकानदारालाही घाऊक व्यापाऱ्याचे देणे असते, काहींची उधारी बुडते, हे खरे. तरी रोखीचा भाव किती आणि उधारीचा किती, हे आधी विचारायला लाजू नये.

काटा, पाकीट आणि सुटे पैसे

काट्याबद्दल कायदा स्पष्ट आहे. इलेक्ट्रॉनिक काटा दरवर्षी, तर वजने दर दोन वर्षांनी वैधमापनशास्त्र विभागाकडून तपासून मुद्रांकित करून घ्यावी लागतात आणि त्याचे प्रमाणपत्र दुकानात दिसेल असे लावावे लागते. माल ठेवण्याआधी काटा शून्यावर आहे का, हे पाहणे आपले काम. खोक्याचे वा पिशवीचे वजन मालात धरता येत नाही.

पाकिटावर छापलेली कमाल किरकोळ किंमत सर्व करांसह असते. ‘थंड करायचे दोन रुपये’ म्हणून बाटलीमागे जास्त घेणे बेकायदा आहे. त्यापेक्षा कमी घ्यायला मात्र दुकानदार मोकळा आहे. पाच-दहा रुपयांच्या पुड्यांकडे विशेष लक्ष द्यावे. किंमत तीच राहते आणि आतले ग्रॅम कमी होतात. हे काम दुकानदाराचे नसून कंपनीचे असते. म्हणून किमतीबरोबर वजन आणि वापरायची मुदतही वाचावी. सुट्या पैशांऐवजी चॉकलेट घ्यायला आपण बांधील नाही. आपले चॉकलेट दुकानदार पैसे म्हणून घेतो का?

अठ्ठावीस मजुरांचे दुकान

इंग्लंडातील रॉचडेल गावच्या मजुरांची हकिगत या ठिकाणी आठवते. भेसळ आणि महागाईला कंटाळून २८ जणांनी, त्यातले बरेच विणकर, प्रत्येकी एक पौंड जमवला आणि २१ डिसेंबर १८४४ रोजी स्वतःचे दुकान उघडले. माल होता पीठ, लोणी, साखर, ओटचे पीठ आणि मेणबत्त्या. नियम असे : माल शुद्ध, वजन पूर्ण, व्यवहार रोखीने आणि नफा ज्याच्या-त्याच्या खरेदीच्या प्रमाणात परत. जगभरच्या ग्राहक सहकारी चळवळीने पुढे हाच कित्ता गिरवला. आपल्या महिला बचत गटांनी निदान डाळ, तेल, साखर महिन्यातून एकदा एकत्र घाऊक आणायला काय हरकत आहे? उरलेल्या रोजच्या वस्तूंना कोपऱ्यावरचे दुकान आहेच.

एवढे करू या

दुकानदाराशी वैर धरायचे नाही, पण हिशेब सोडायचा नाही. घरात एक वही ठेवा. तारीख, माल, किंमत आणि दिलेले पैसे, एवढ्या चार रकाने पुरेत. दर पंधरवड्याला दोन्ही वह्या जुळवून दुकानदाराची सही घ्या. मोबाईलवरून पैसे दिले असतील तर तो संदेश पुसू नका. तक्रार असेल तर आधी दुकानात शांतपणे बोला. नाहीच ऐकले, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही आणि वकील लावलाच पाहिजे असेही नाही.

आणि ही वही घरातल्या शाळेत जाणाऱ्या मुलीच्या किंवा मुलाच्या हाती द्या. आजीला काट्याजवळ जाता येत नव्हते. तिच्या पणतीने काट्यावरचा आकडा वाचावा, वहीत लिहावा आणि चुकले असेल तर “काका, हे परत बघा” असे नीट सांगावे. येत्या एक तारखेपासून सुरुवात करायला दहा-वीस रुपयांची वही आणि एक पेन पुरेसे आहे.