एका दिवसात किती मैदाने?

प्लॅस्टिकची चकती एकमेकांकडे भिरकावण्याचा फ्रिसबीचा खेळ आपल्याकडच्या मुलांनाही परिचित आहे. याच प्रकारच्या चकतीने गोल्फही खेळतात, हे मात्र फारसे माहीत नसते. या खेळाला डिस्क गोल्फ म्हणतात. गोल्फमध्ये काठीने चेंडू मारून तो खळग्यात घालवायचा असतो. येथे हाताने चकती फेकून ती खांबावर बसवलेल्या लोखंडी टोपलीत पाडायची असते. टोपलीच्या वर साखळ्या लोंबत असतात. वेगाने आलेली चकती साखळ्यांवर आदळते, तिचा वेग जिरतो आणि ती खाली टोपलीत पडते. एका मैदानात अशा ९ किंवा १८ टोपल्या असतात. सर्वांत कमी फेकींत त्या पुऱ्या करणारा जिंकतो.

मैदान म्हणजे येथे सपाट क्रीडांगण नव्हे. बहुतेक वेळा ती झाडे, चढउतार आणि ओढे असलेली सार्वजनिक बाग असते. कॅलिफोर्नियात पॅसाडेना शहराजवळच्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये १९७५ साली एड हेड्रिक यांनी पहिले कायमस्वरूपी मैदान आखले. तेथे सुरुवातीला लक्ष्य म्हणून नुसते खांब होते. साखळ्यांची टोपली ही हेड्रिक यांचीच नंतरची युक्ती. (हे गृहस्थ २००२ साली वारले, तेव्हा त्यांच्या इच्छेनुसार त्यांची रक्षा प्लॅस्टिकमध्ये मिसळून काही चकत्या तयार करण्यात आल्या!) आज जगात अशी पंधरा हजारांहून अधिक मैदाने आहेत आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक एकट्या अमेरिकेत आहेत.

मैदाने इतकी झाली की नाना प्रकारचे छंद निघतात. त्यांपैकी एक छंद असा : सूर्योदय ते सूर्यास्त या वेळात जास्तीत जास्त किती मैदाने पूर्ण खेळून होतात ते पाहायचे. एका मैदानावर खेळायचे, मोटारीत बसायचे, पुढचे मैदान गाठायचे. प्रश्न वरवर पाहता हौशी लोकांचा आहे. पण तो सोडवायला बसले की गणितातल्या एका अवघड भागाशी गाठ पडते, आणि वर्गात करून पाहण्याजोगे बरेच काही हाती लागते.

पहिला विचार मनात येतो तो जवळच्या रस्त्याचा. सर्व मैदानांना भेट देणारा सर्वांत आखूड मार्ग शोधला की झाले! हा गणितातला ‘फिरत्या विक्रेत्याचा प्रश्न’ होय. नकाशावर थोडे ठिपके असतील तर सगळे क्रम मांडून पाहता येतात. पाच ठिपक्यांचे क्रम १२० होतात. बारांचे मात्र ४७,९०,०१,६०० होतात. आपल्या प्रश्नात तर आणखी एक अडचण आहे. शहराच्या परिसरात २५ मैदाने असतील आणि दिवसात १२च होणार असतील, तर आधी ती १२ निवडायला हवीत. निवड आणि क्रम मिळून शक्यता होतात २५ × २४ × २३ असे करत १४ पर्यंतचा गुणाकार. ही संख्या सुमारे २,५०० लाख कोटी आहे. सेकंदाला एक कोटी शक्यता तपासणारा संगणक लावला तरी त्याला जवळजवळ आठ वर्षे लागतील. उलट्या क्रमाने जाणारा मार्ग तोच धरला तर चार.

अर्थात गणिती इतक्या आडदांडपणे मोजत बसत नाहीत. डँटझिग, फुल्कर्सन आणि जॉन्सन या तिघांनी १९५४ साली अमेरिकेतल्या ४९ शहरांचा सर्वांत आखूड मार्ग शोधला, आणि त्याहून आखूड मार्ग असूच शकत नाही हे सिद्धही केले. २००६ साली ८५,९०० ठिपक्यांचा प्रश्न सुटला. पण कोणताही प्रश्न दिला तरी खात्रीने आणि झटपट अचूक उत्तर काढील अशी रीत आजवर सापडलेली नाही. तशी रीत असू शकत नाही, असेही कोणी सिद्ध केलेले नाही.

मग साधा माणूस काय करतो? तो जवळचे आधी उरकतो. ही रीत किती फसवी आहे ते फळ्यावर दाखवता येते. एक आडवी रेघ काढा आणि मध्यावर शून्य लिहा. उजवीकडे १ आणि ५ या अंतरांवर, डावीकडे २ आणि १० या अंतरांवर खुणा करा. शून्यापासून निघून चारही खुणांना भेट द्यायची आहे. दर वेळी सर्वांत जवळची खूण निवडत गेल्यास आपण आधी उजवीकडे १ वर जातो, मग डावीकडे २ वर, मग उजवीकडे ५ वर आणि शेवटी डावीकडे १० वर. एकूण चाल १ + ३ + ७ + १५ = २६. त्याऐवजी उजवीकडच्या दोन्ही खुणा आधी उरकून मग डावीकडे गेल्यास चाल २० भरते. प्रत्येक पावलाला शहाणपणाची वाटणारी निवड एकंदरीत महाग पडली. खुणांची अंतरे बदलून हा तोटा आणखी किती वाढवता येतो, हे मुलांना शोधू द्यावे.

पण आखूड मार्ग हाच आपला खरा प्रश्न आहे का? खेळाडूचा वेळ नेमका कशात जातो ते मांडून पाहू. १८ टोपल्यांच्या मध्यम मैदानावर इकडेतिकडे धरून सुमारे ३ किलोमीटर चालणे होते. भरभर चालणाऱ्याला त्याला ३६ मिनिटे लागतील. फेकी समजा ५५, आणि नेम धरून फेकायला दर वेळी २० सेकंद, म्हणजे १८ मिनिटे. एकट्याने खेळूनही तास झालाच. चौघांचा गट पुढे असला तर विचारायलाच नको. उलट एका मैदानावरून दुसऱ्यावर मोटारीने जायला दाट वस्तीच्या शहरात १० मिनिटे पुरतात. तासाच्या शेजारी ही १० मिनिटे ठेवली की लक्षात येते की, मार्गात कितीही काटकसर केली तरी बचत थोडीच होणार. वेळ खातो तो खेळ. म्हणून ९ टोपल्यांची लहान मैदाने निवडणे हा खरा डाव ठरतो. तेथे अर्ध्या तासात काम होते.

उत्तर कॅरोलायना राज्यातील शार्लट शहराचे उदाहरण घेऊ. या शहरात व आसपास डिस्क गोल्फची मैदाने भरपूर आहेत. २०१२ साली या खेळाची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा तेथे झाली होती. जूनच्या उत्तरार्धात तेथे दिवस सुमारे साडेचौदा तासांचा, म्हणजे ८७० मिनिटांचा असतो. एक तास खेळ आणि दहा मिनिटे प्रवास या हिशेबाने मोठी मैदाने १२ होतात. सगळी लहान मैदाने मिळाली आणि त्यांच्यातले अंतरही दहाच मिनिटांचे असले, तर २२. मात्र या २२ मध्ये एक मिनिटही शिल्लक राहत नाही, जेवण नाही की पाणी पिणे नाही. प्रत्येक प्रवासाला फक्त तीन मिनिटे जास्त लागली की २२ चे २० होतात.

काही ठिकाणी पोचायचे, काही सोडून द्यायची, वेळ मात्र ठरलेला, अशा प्रश्नाला गणितात वेगळे नाव आहे. नकाशा आणि होकायंत्र घेऊन रानात खुणा शोधण्याचा ‘ओरिएंटीअरिंग’ नावाचा खेळ आहे. त्याच्या एका प्रकारात प्रत्येक खुणेला ठरावीक गुण असतात आणि दिलेल्या वेळात जास्तीत जास्त गुण मिळवायचे असतात. गोल्डन, लेव्ही आणि व्होरा यांनी १९८७ साली या प्रश्नावर लेख लिहिला, तेव्हा त्यांनी त्याला या खेळाचेच नाव दिले. फिरत्या विक्रेत्याला कुठलेच गाव टाळता येत नाही. येथे मात्र कोणते टाळायचे हे ठरवण्यातच कसब आहे.

एक कल्पित उदाहरण सोडवू. आपल्या मुक्कामाशी १८ टोपल्यांची तीन मैदाने आहेत. प्रत्येकाला ६० मिनिटे लागतात आणि त्यांच्यात दहा-दहा मिनिटांचे अंतर आहे. तेथून ४० मिनिटांवर ९ टोपल्यांची सहा मैदाने आहेत. त्यांना ३०-३० मिनिटे लागतात आणि त्यांच्यातले अंतरही दहा मिनिटांचेच. सुरुवातीला आपण पहिल्या तिघांपैकी एकाशी उभे आहोत. हाती चार तास असतील तर काय करावे? जवळची तिन्ही खेळली तर २०० मिनिटे जातात. उरलेली ४० मिनिटे दूरच्या गटापर्यंत पोचण्यातच संपतात. एकूण मैदाने तीन. त्याऐवजी समोरचे मैदान न खेळताच मोटारीत बसलो तर ४० मिनिटे प्रवासात जातात, पण २३० मिनिटांत पाच मैदाने पुरी होतात.

आता हाती सात तास आहेत असे धरा. जवळची तिन्ही उरकून मग दूर गेलो तर ७ होतात. आधी दूरची सहा खेळून परत आलो तरी ७च. पण जवळची दोनच खेळून तिसरे सोडले आणि मग दूर जाऊन सहाही खेळली, तर ४०० मिनिटांत ८ होतात! पायाशी असलेले मैदान सोडून दिल्याने एक मैदान वाढले. मुलांना हे उत्तर सहजासहजी पटत नाही. त्यांनी ते वहीत मांडून ताडून पाहावे.

मैदाने किती दाट आहेत याचा परिणाम कसा होतो? या प्रश्नाचा धागा आपल्या देशापर्यंत पोचतो. प्रशांतचंद्र महालनोबीस बंगालमधील तागाच्या लागवडीची नमुना पाहणी करत होते. निवडलेल्या शेतांपर्यंत माणसे पाठवायची तर प्रवासाचा खर्च किती येईल, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. ठिकाणे वाढतात त्या प्रमाणात प्रवास वाढत नाही, तो साधारणपणे ठिकाणांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, असे त्यांनी १९४० साली मांडले. पुढे १९५९ मध्ये बिअर्डवुड, हाल्टन आणि हॅमर्स्ली यांनी याची काटेकोर सिद्धता दिली. स्वैरपणे विखुरलेली ठिकाणे पुष्कळ असतील, तर आखूड मार्गाची लांबी म्हणजे ठिकाणांची संख्या आणि क्षेत्रफळ यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ गुणिले सुमारे ०.७१. समजा ९०० चौरस किलोमीटरमध्ये ९ मैदाने आहेत, तर मार्ग ६४ किलोमीटर. ३६ मैदाने असतील तर १२८. मैदाने चौपट, मार्ग दुप्पट, म्हणजे दर मैदानामागचा प्रवास निम्मा. (ठिकाणे इतकी थोडी असताना प्रत्यक्ष लांबी याहून काहीशी जास्त भरते, आणि रस्ते वाकडेतिकडे असल्याने आणखी वाढते. अंदाजाला मात्र हे सूत्र चांगले.)

उजेड वाढवणे आपल्या हाती नाही, पण अक्षांश निवडणे आहे. २१ जूनला मुंबईत दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा असतो, हेलसिंकीत एकोणीस तासांचा आणि आइसलँडच्या राजधानीत, रेक्याविकला, एकवीस तासांचा. फिनलंड आणि आइसलँड या दोन्ही देशांत हा खेळ लोकप्रिय आहे. रेक्याविकच्या मध्यवस्तीतल्या क्लांब्रातून बागेत ९ टोपल्यांचे मैदानही आहे. मात्र उजेड वाढला म्हणून खांदा आणि पाय वाढत नाहीत. १२ मोठी मैदाने म्हणजे ३६ किलोमीटर चाल आणि साडेसहाशेहून अधिक फेकी. सकाळी तासात होणारे मैदान संध्याकाळी सव्वा तास घेते. त्यामुळे मोठी मैदाने सकाळी आणि लहान दुपारनंतर, असा क्रम प्रवास थोडा वाढवूनही परवडू शकतो. कागदावरचा उत्तम मार्ग आणि पायांना झेपणारा मार्ग येथे वेगळे होतात.

आता मोजण्याचा नियमच बदलून पाहा. मैदानांऐवजी टोपल्या मोजायच्या. चार तासांच्या उदाहरणात दूरच्या पाच मैदानांच्या टोपल्या ४५ होतात, तर जवळच्या तिन्हींच्या ५४. जवळची दोन आणि दूरची दोन खेळूनही ५४च. म्हणजे मघाशी जिंकलेली योजना आता हरली. नकाशा तोच, रस्ते तेच, घड्याळही तेच, बदलले ते फक्त मोजमाप.

हे खेळापुरते राहत नाही. केंद्रातल्या शाळांना भेटी देणाऱ्या केंद्रप्रमुखाचे काम ‘दिवसात किती शाळा झाल्या’ एवढ्यावरच मोजले, तर गणित त्याला काय सांगेल? रस्त्याकडेच्या, लहान, पटकन उरकणाऱ्या शाळा घे. डोंगरापलीकडच्या पाड्यावरची, जिथे पोचायला अर्धा दिवस लागतो ती शाळा सोड. तो माणूस कितीही प्रामाणिक असला तरी हिशेब दर महिन्याला हेच उत्तर देणार, आणि दर महिन्याला तीच शाळा वगळली जाणार. लसीकरणाच्या फेऱ्या, फिरते वाचनालय, पशुवैद्याच्या भेटी, सगळीकडे हाच धोका आहे. ओरिएंटीअरिंगचे खेळ आखणाऱ्यांनी यावर उपाय केव्हाच काढला आहे : दूरच्या आणि अवघड खुणेला ते जास्त गुण ठेवतात. वरच्या उदाहरणात आपल्या तालुक्याचा नकाशा घालून, गुण किती ठेवले म्हणजे सर्वांत दूरची शाळा यादीत येते, हे आठवी-नववीच्या मुलांना काढायला सांगावे. दोन तासिका पुरतात.