स्मृतीचं भाकीत
आज धडधाकट असलेल्या आजोबांची स्मृती पुढे ढासळेल का, हे मेंदूच्या चित्रावरून सांगता येईल? पेट चित्रणात शिरेतून एक किंचित किरणोत्सारी पदार्थ देतात. तो मेंदूतल्या अमायलॉइड प्रथिनाच्या साठ्यांना चिकटतो आणि ते साठे चित्रात दिसतात. असे साठे असलेल्या निरोगी वृद्धांच्या गटात स्मृतीची घसरण सरासरीने अधिक वेगाने होते. पण वर्गाच्या सरासरीवरून एका मुलाचे गुण सांगता येतात का? आम्ही संशोधक बोलतो ते गटाबद्दल. साठे असूनही अनेकांची स्मृती वर्षानुवर्षं शाबूत राहते. शिवाय, साठे असलेल्या निरोगी वृद्धांना सोलानेझुमॅब हे औषध सुमारे साडेचार वर्षं देऊनही घसरण मंदावली नाही, असं 2023 साली जाहीर झालं. म्हणून चित्र काढण्याआधीच आजोबांना विचारायला हवं : कळल्यावर काय कराल?