डोंगरावरून उतरणारा कवडसा

कंदिलाची वात जरा खाली करा बाळांनो, गोधड्या गुडघ्यांवर ओढून घ्या; आज बसल्या जागेवरून पार इटलीत जायचंय, आल्प्स पर्वतात. डोमोदोसोला नावाचं स्टेशन आहे, तिथं उतरायचं, मग आंत्रोना खोऱ्यात शिरायचं, की दोन्ही बाजूंनी डोंगर अंगावर आल्यासारखे होतात, आणि त्यांच्या तळाशी, घळईत अंडं ठेवावं तसं ठेवलेलं दिसतं विगानेल्ला. गाव कसलं, वाडीच म्हणा. माणसं मोजायला बसलात तर दोनशेसुद्धा भरायची नाहीत. भिंती दगडाच्या आणि छपरंही दगडाचीच, पातळ फरश्या एकीवर एक चढवलेल्या. मधोमध चर्च, चर्चपुढं चौक, आणि एवढी शांतता की चौकात कुणी खाकरलं तर पलीकडच्या घरात कळावं.

आता या गावाची नवलाई ऐका. ११ नोव्हेंबरला सूर्य दक्षिणेच्या डोंगराआड जातो, तो गावाला तोंड दाखवतो थेट २ फेब्रुवारीला. ८३ दिवस! आभाळ निळंभोर असतं, वरच्या उतारावर सोन्यासारखं ऊन लोळत असतं, पण ते खाली गावात काही उतरत नाही. ताटातली पोळी दिसावी आणि हात पोचू नये, तसं.

हे कसं, ते सांगतो. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलतो, हे तुम्ही आपल्या अंगणातही पाहता. हात ताठ समोर धरून वीत पसरली, की आभाळाचे साधारण २० अंश त्यात मावतात. २२ डिसेंबरच्या भर दुपारी पुण्यात सूर्य क्षितिजापासून दोन वितींहून जास्त, म्हणजे ४८ अंश वर असतो. विगानेल्ला मात्र पार वर, ४६ अंश अक्षांशावर, म्हणून तिथं तो जेमतेम एक वीत चढतो. आणि समोरचा डोंगर त्या वितीपेक्षा उंच! आता बोटांवर मोजा: ११ नोव्हेंबर ते २२ डिसेंबर ४१ दिवस, तिथून २ फेब्रुवारी ४२ दिवस. जाताना सूर्याला जेवढे दिवस लागतात जवळपास तेवढेच येताना. निसर्गाचा हिशेब असा चोख असतो.

माझ्या आजीचं घड्याळ असंच चोख होतं. माजघराच्या छपराला एक काचेचं कौल होतं, त्यातून पडलेला कवडसा सरकत सरकत उखळापाशी आला की आजी भाताचं आधण ठेवायची. पौषात तो उखळाला न शिवता भिंतीवरच रेंगाळायचा, तर तिनं भिंतीवर काजळाचं बोट ओढून वेगळी खूण करून ठेवली होती. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई, पण सूर्य कुठून कुठं सरकतो ते तिला भिंत वाचून कळायचं.

विगानेल्लातही गोष्ट सुरू झाली ती सावलीच्या घड्याळापासूनच. १९९९ साली जाकोमो बोन्झानी नावाच्या तिथल्याच वास्तुकाराच्या मनात आलं, की चर्चच्या भिंतीवर असं घड्याळ करावं. पण ऊनच नाही तर सावली कुठली? गावचे प्रमुख होते मिदाली, म्हणजे आपल्याकडचे सरपंच म्हणा. त्यांनी हट्टच धरला, की घड्याळ बारा महिने चालेल असं काहीतरी काढा. आणि काढलं काय, तर तुम्ही आरशाच्या तुकड्यानं एकमेकांच्या डोळ्यांवर पाडता तोच कवडसा!

डिसेंबर २००६ मध्ये, गावाच्या वर जिथं ऊन पोचतं त्या उतारावर, ८ मीटर रुंद आणि ५ मीटर उंच असा ११०० किलोंचा पोलादी आरसा बसवला. त्यातली मेख बघा. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, म्हणजे कवडसाही पळणार. पण आरसा एक बोट वळवला तर कवडसा दोन बोटं सरकतो, म्हणून त्याला एका जागी धरायचा तर आरशानं सूर्याच्या साधारण निम्म्या चालीनं वळत राहायचं. ते काम संगणक करतो. शिवाय सूर्य म्हणजे टाचणीचं टोक नव्हे, आभाळात त्याची अर्ध्या अंशाची थाळी आहे. त्यामुळे उजेड दर ११० मीटरला एक मीटर रुंदावत येतो. चौकात पोचेपर्यंत त्याची ऐसपैस चादर होते, जराशी पातळ, पण कोवळ्या उन्हासारखी अंगाला लागणारी.

सगळ्यात नवल वाटतं ते सावल्यांचं. तिथं हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला, म्हणजे सावली उत्तरेकडे पडायला हवी. पण हे ऊन उत्तरेकडच्या आरशावरून फिरून आलेलं, म्हणून चौकात उभ्या माणसाची सावली खुशाल सूर्याच्याच दिशेला पसरते! आणि इतकं असूनही २ फेब्रुवारीला खरा सूर्य डोंगरावरून डोकावला की गाव सण करतं. ते मला फार आवडतं. उसनं ऊन मिळालं म्हणून कुणी घरच्या सूर्याला विसरत नाही.

उद्या सकाळी फडताळातला फुटका आरसा काढून देतो. अंगणात विटेला टेकवून ठेवा, कवडसा माजघराच्या भिंतीवर पाडा, त्याच्याभोवती खडूनं रेघ ओढा आणि कुणीही आरशाला हात लावू नका. घटकाभरात तो रेघ ओलांडून निघालेला असेल. का निघाला, ते मग तुम्हीच मला सांगायचं.